रात्री दोन वाजता बदललेली स्कूटर

या शनिवारी खरं तर ट्रेकबद्दल लिहायचं ठरवलं होतं. फोटोसुद्धा निवडून ठेवले होते. पण काल रात्री जेवताना मोबाईल टिंग झाला आणि स्कूटरच्या अ‍ॅपने विचारलं, 'नवीन अपडेट उपलब्ध आहे. आत्ता इन्स्टॉल करायचं की रात्री २ वाजता?'

दोनच बटणं. 'नको' असं बटणच नाही.

मी मोबाईल उलटा करून ठेवला. आईने विचारलं, "काय रे, ऑफिसचा फोन?" मी म्हटलं, "नाही गं, स्कूटर बोलतेय." आई हसली नाही. मग ट्रेक राहू दे, आज याबद्दलच लिहितो.

आमच्या घरात स्कूटर खऱ्या अर्थाने चालवणारी व्यक्ती म्हणजे आई. बाबांनाही येते, पण ते अशी चालवतात की मागे बसणाऱ्याला रामरक्षा आपोआप पाठ व्हावी. आई १९९५ साली कायनेटिक होंडावर शिकली. कायनेटिक होंडा म्हणजे त्या काळातली क्रांतीच हो. बटण दाबलं की चालू, गिअर नाही, क्लच नाही. शेजारचे काका रोज सकाळी चेतक तिरकी करून किका मारत घामाघूम व्हायचे आणि आई त्यांच्या डोळ्यांदेखत बटण दाबून निघून जायची. हा किस्सा ती अजूनही रंगवून सांगते. मग दोन अ‍ॅक्टिव्हा झाल्या. तीस वर्षं कर्वेनगर ते सदाशिव पेठ, आधी नोकरीसाठी आणि आता आज्जीकडे. भर पावसात, गणपतीच्या गर्दीत, मागे मी आणि पुढे भाजीची पिशवी अशी ती चालवत आली. एकदाही पडली नाही. पुण्यात तीस वर्षं न पडता दुचाकी चालवणं ही काय चीज आहे ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

२०२४ मध्ये मी तिला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीये. पहिलं वर्ष मजेत गेलं. आवाज नाही, पेट्रोल पंपावरची रांग नाही, रिव्हर्स मोड आहे, म्हणजे आमच्या सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमधून गाडी मागे ओढायची कटकट गेली. आणि अपडेट्स! दर महिन्या-दीड महिन्याने काहीतरी नवीन. कधी स्क्रीनचा रंग बदलला, कधी इंडिकेटर आपोआप बंद व्हायला लागला. मला तर लहान मुलासारखा आनंद व्हायचा. आईला मी कौतुकाने सांगायचो, "बघ, तू झोपलीस आणि गाडी हुशार झाली." ती म्हणायची, "मला हुशार नकोय रे, मला माहितीतली हवीय."

तेव्हा मी हसलो होतो.

जुलै २०२५. पाऊस. आई म्हात्रे पुलावरून पलीकडे निघाली होती. पूल संपताना एक खड्डा होता, (एक? असो.) पाण्याने भरलेला, म्हणजे दिसत नव्हता. तीसच्या आसपास स्पीड असेल. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, आणि गाडी मेली. स्क्रीन चालू, दिवे चालू, पण अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी काहीच नाही. मागे पीएमटीची बस. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आई गडबडली, पाय टेकायला गेली, रस्ता ओला, गाडी डाव्या अंगावर कलंडली. गुडघा सोलवटला, मनगट मुरगळलं. बस दीड हातावर थांबली होती, असं नंतर ती सांगत होती. किती ते नक्की सांगत नव्हती. कधी दीड हात म्हणायची, कधी 'जवळच'.

दोन कॉलेजच्या मुलांनी गाडी उचलून बाजूला घेतली. चांगली मुलं. त्यातला एक म्हणाला, "काकू, ब्रेक जोरात दाबला का?"

या प्रश्नाने फार नुकसान केलं. गाडी दोन मिनिटांनी बंद-चालू केल्यावर काही झालंच नाही अशी सुरू झाली. आई तिथून हळूहळू घरी आली, गुडघ्याला हळद लावली आणि मला फोन केला. पहिलं वाक्य काय असावं? "अरे, मी बहुतेक ब्रेक दाबला चुकून." संध्याकाळपर्यंत 'बहुतेक' गळून पडलं. दोन दिवसांनी वाक्य झालं, "आता वय झालं, नाही जमत." वय वर्षं ५५! चौथ्या दिवशी तिने गाडीची किल्ली टीव्हीजवळच्या खणात ठेवली आणि आज्जीकडे जायला रिक्षा केली.

मी इंजिनिअर आहे. आईच्या हातापेक्षा मशीनवर जास्त विश्वास ठेवायची आम्हाला सवय असते, तरी मला हे पटेना. पुढच्या रविवारी भल्या पहाटे स्कूटर घेऊन बाहेर पडलो आणि आमच्या मागच्या रस्त्यावर, जिथे केबलवाल्यांनी खणून तसंच सोडलंय, तिथे मुद्दाम दहा फेऱ्या मारल्या. दहापैकी तीन वेळा गाडी बंद पडली. तिन्ही वेळा स्क्रीनवर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच साइड स्टँडचं चिन्ह चमकून गेलं.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. स्टँड खाली असताना गाडी पळू नये म्हणून तिथे एक सेन्सर असतो. स्टँड खाली, तर मोटर बंद. उत्तम सोय आहे, जुन्या गाड्यांना स्टँड काढायला विसरून वळणावर आडवे झालेले लोक मी पाहिलेत. पण खड्ड्यात गाडी आपटली की स्टँड स्प्रिंगवर क्षणभर थरथरतो आणि सेन्सर एक खोटा सिग्नल पाठवतो. सेन्सर थरथरणारच, हे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला सेकंड इयरला शिकवतात. म्हणून सॉफ्टवेअरने थोडं थांबायचं असतं. सिग्नल काही क्षण टिकला तरच खरा मानायचा. याला डिबाउन्स म्हणतात. शिवाय इतकं साधं विचारायचं असतं की बाई गं, गाडी तीसच्या स्पीडने पळतेय, तर स्टँड खाली कसा असेल? माझा अंदाज असा की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे थांबणं होतं आणि नव्यात कोणीतरी ते कमी केलं किंवा काढलं. कशासाठी? कदाचित कोणाची तरी तक्रार असेल की स्टँड काढल्यावर गाडी सुरू व्हायला उशीर लागतो. कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण अपडेट आईच्या अपघाताच्या पाच दिवस आधी आलं होतं, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये तीच स्कूटर असलेले दोघे भेटले, दोघांचंही तेच. "अरे हो, खड्ड्यात झटका मारते ना हल्ली. मला वाटलं माझीच."

मला वाटलं माझीच. हे वाक्य लक्षात ठेवा.

मोबाईल हँडलला लावून व्हिडिओ काढला आणि सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर सज्जन होता, पंचवीसचा असेल. लॅपटॉप जोडला, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "सर, लॉगमध्ये काही फॉल्ट दिसत नाहीये." मी व्हिडिओ दाखवला. तो दोनदा पाहून म्हणाला, "सर, सेन्सर बदलून बघू. पण खड्ड्यामुळे डॅमेज असेल तर वॉरंटीत बसणार नाही." मी म्हटलं, मागचं सॉफ्टवेअर परत टाकून द्या. तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी मागच्या महिन्यातला पाऊस परत मागितला. "सर, मागे जायचा ऑप्शन आमच्याकडे नसतो. वरूनच येतं सगळं." हे 'वरून' म्हणताना त्याने खरोखर छताकडे बोट केलं :-)

त्याचा काही दोष नाही. त्याच्या हातात पाना होता, आणि बिघाड पान्याच्या पलीकडे होता.

तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता आणखी एक अपडेट आलं. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, 'राइड स्टॅबिलिटीमध्ये सुधारणा आणि किरकोळ बग फिक्सेस.' मी पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. दहापैकी शून्य. खड्डे तेच, सेन्सर तोच, स्वारही तोच. फोन आला नाही, मेल आला नाही, 'आमच्याकडून चूक झाली होती, तुम्हाला काही इजा झाली का' असं कोणी विचारलं नाही. स्कूटर दुरुस्त झाली. आईची किल्ली खणातच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एका अनुभवावरून अपडेट्सना शिव्या कशाला? देत नाहीये. दूरवरून येणाऱ्या अपडेटने जीव वाचू शकतो. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने टेस्ला मॉडेल ३ ची चाचणी केली. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले, जे फारच जास्त होते, आणि त्यांनी गाडीची शिफारस करायला नकार दिला. कंपनीने काही दिवसांत ब्रेकच्या सॉफ्टवेअरचं अपडेट हवेतून पाठवलं. पुन्हा चाचणी केली तर १३३ फूट. एकही नटबोल्ट न बदलता १९ फूट कमी! बीई करताना हे वाचलं तेव्हा मी चार मित्रांना फॉरवर्ड केलं होतं. आज तीच बातमी वाचली की दुसरं मनात येतं. जे एका रात्रीत १९ फूट कमी होऊ शकतं, ते एका रात्रीत १९ फूट वाढूही शकतं. आणि प्रत्येक गाडीमागे कन्झ्युमर रिपोर्ट्सचा माणूस टेप घेऊन उभा नसतो.

उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या चांगआन रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या निओ कंपनीच्या गाडीत चुकून अपडेट सुरू झालं आणि गाडी तासाभराहून जास्त वेळ तिथेच उभी. काचासुद्धा खाली होईनात. ऑक्टोबर २०२५ मधल्या एका वीकेंडला अमेरिकेत जीप रँगलर ४एक्सईच्या मालकांना अपडेट मिळालं आणि काहींच्या गाड्यांची ताकद चालता चालता गेली, हायवेवर सुद्धा. कंपनीला ते अपडेट मागे घ्यावं लागलं. चार चाकांवर असाल तर निदान आजूबाजूला पत्रा असतो. दुचाकीवर आजूबाजूला पीएमटी असते.

आणि आपल्याकडे तर अर्धवट गाडी विकून उरलेली नंतर पाठवायची पद्धतच पडली. ओलाने एस१ प्रोची डिलिव्हरी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली तेव्हा जाहिरातीतली क्रूझ कंट्रोल, नॅव्हिगेशनसारखी फीचर्स गाडीत नव्हतीच. ती आली २०२२ च्या जूनमध्ये, मूव्हओएस २ मधून. हिल होल्ड त्याच्याही पुढच्या व्हर्जनमध्ये. वेबसाइटचं हे चालतं. आम्ही रोज करतो. बटण आज, बटणाचं काम पुढच्या स्प्रिंटला. पण चढावर गाडी मागे घसरू नये ही गोष्ट 'पुढच्या रिलीजमध्ये' कशी काय असू शकते बुवा?

इथपर्यंत लिहायला सोपं होतं, कारण शिव्या दुसऱ्याला होत्या. आता जरा अवघड भाग.

'किरकोळ बग फिक्सेस' हे वाक्य वाचून मला राग आला आणि त्याच क्षणी ओळखीचं वाटलं. कारण ते मी स्वतः लिहिलेलं आहे. एकदा नाही, बहुधा शंभरदा. आमची टीम एका क्लायंटसाठी इन्शुरन्स क्लेमचं पोर्टल सांभाळते. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी मी एक छोटा बदल सोडला. (शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये हे आमच्या धंद्यातलं 'अमावस्येला प्रवास करू नये' आहे. आणि अमावस्येपेक्षा याला जास्त आधार आहे.) तारखेच्या तपासणीतली चूक होती. दिवस आणि महिना काही ठिकाणी उलटे वाचले जात होते. शनिवार-रविवारी क्लेम भरणाऱ्या तीनशेहून जास्त लोकांना पोर्टलने सांगितलं, 'तुम्ही भरलेली माहिती चुकीची आहे.' सोमवारी सकाळी कळलं, अकरापर्यंत दुरुस्त केलं, दुपारी मॅनेजरने पिझ्झा मागवला. रिलीज नोट मी लिहिली. 'किरकोळ बग फिक्सेस.' शब्द मीच निवडले. मला आठवतंय, आधी 'तारखेच्या तपासणीतील चूक दुरुस्त' असं लिहिलं होतं, मग म्हटलं कशाला उगाच क्लायंटला प्रश्न विचारायला जागा द्या.

त्या तीनशे जणांना आम्ही कळवलं नाही. पुन्हा भरतील, चालेल तेव्हा चालेल. ते लोक शनिवार-रविवारी इन्शुरन्सचा क्लेम का भरत होते याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. कोणीतरी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, चष्मा वर-खाली करत, तीच जन्मतारीख पाचव्यांदा टाकत असेल. आणि शेवटी शेजारच्याला म्हणत असेल, "मला नाही जमत रे हे, तू बघ."

आईच्या वाक्यानंतर हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि जाता जाईना.

पेट्रोलची गाडी बंद पडली की आपण गाडीला शिव्या घालायचो. प्लगमध्ये कचरा आला, कार्ब्युरेटर चोक झाला, क्लचची केबल तुटली. बिघाड दिसायचा, मेकॅनिक तो हातावर ठेवून दाखवायचा, "हे बघा साहेब." सॉफ्टवेअरचा बिघाड हातावर ठेवता येत नाही. तो आज असतो, परवा रात्री दोन वाजता नाहीसा होतो. मागे काहीच उरत नाही, फक्त एक माणूस उरतो ज्याला वाटतं की चूक माझीच होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी युजर म्हणून नाही तर अपडेट पाठवणाऱ्या जमातीतला एक म्हणून सांगतोय. स्क्रीनचं सॉफ्टवेअर आणि मोटर-ब्रेक-बॅटरीचं सॉफ्टवेअर या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका. दिवाळीची थीम, गाणी, नकाशे हवं तेव्हा बदला, कोण मरत नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर, ब्रेक दाबल्यावर, स्टँड हलल्यावर गाडी कशी वागते यात काडीचाही बदल असेल तर तो साध्या मराठीत सांगा. 'स्टँडच्या सेन्सरची वेळ बदलली आहे. खड्ड्यात गाडी बंद पडली तर कळवा.' एवढंच. आणि 'नको' म्हणायचं आणि मागे जायचं बटण द्या. तांत्रिकदृष्ट्या हे काही रॉकेट सायन्स नाही. मेमरीचे दोन भाग करायचे, एकात जुनं, एकात नवं. नवं बिघडलं तर जुन्यावर परत. मोबाईलमध्ये हे कधीचं आहे. एकदम सगळ्यांना न पाठवता आधी शंभरातल्या एकाला पाठवायचं, आठवडाभर बघायचं, मग दहाला. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय ना? क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल एकदम सगळीकडे गेली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स झोपली. आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मूळ कारण काय, तर प्रोग्रामला २१ गोष्टी अपेक्षित होत्या आणि मिळाल्या २०. टप्प्याटप्प्याने पाठवली असती तर पहिल्या टप्प्यातच कळलं असतं.

कायद्याची गंमत बघा. मी उद्या स्कूटरमध्ये आरसी बुकाशी न जुळणारा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मालकाने परस्पर गाडी बदलायची नाही. बरोबरच आहे. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी एआरएआयसारख्या संस्थेतून पास व्हावं लागतं. आम्ही रविवारी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिथेच ही संस्था आहे, तिच्यामुळे अर्धं पुणं त्या टेकडीला एआरएआयची टेकडीच म्हणतं. तिथे पास झालेली गाडी आणि आमच्या पार्किंगमध्ये रात्री दोननंतर उभी असलेली गाडी एकसारखी वागते का, हे मला, म्हणजे तिच्या मालकाला, कोण सांगणार?

युरोपने यावर विचार केलाय. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाचा आर१५६ हा नियम २०२१ पासून अमलात आहे. त्यात अपडेटआधी मालकाला काय बदलतंय ते सांगणं आहे, अपडेट फसलं तर जुन्या व्हर्जनवर किंवा सुरक्षित अवस्थेत येणं आहे, कोणत्या गाडीत कोणतं सॉफ्टवेअर आहे याची नोंद आहे. फक्त तो कार, ट्रक, ट्रेलर, ट्रॅक्टर अशा वाहनांना लागू होतो. दुचाकी त्यात नाही. युरोपात ठीक आहे हो, तिथे स्कूटर ही बऱ्याचदा उन्हाळ्यातली हौस असते. आपल्याकडे तीच घरातली मुख्य गाडी असते.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११०ए हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं, ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली तर. छान आहे. पण हे सगळं गृहीत धरतं की दोष गाडीत बसून राहील आणि लोक तो मोजतील. इथे दोष तीन आठवडे येऊन गेला. ज्यांना त्रास झाला त्यातल्या प्रत्येकाला वाटलं माझीच. तक्रारी मोजणार कोण आणि कोणाच्या?

मोजमाप आहे, पण ते कंपनीकडे. २०२२ मध्ये गुवाहाटीत एका तरुणाचा ओला स्कूटरवरून अपघात झाला. वडिलांनी गाडीत दोष असल्याचं जाहीरपणे म्हटलं, तेव्हा कंपनीने त्या गाडीचा स्पीड, ब्रेक असा सगळा डेटा ट्विटरवर मांडला आणि चूक चालवणाऱ्याची आहे असं सांगितलं. कोण बरोबर यात मी पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की डेटा असतो, सेकंदा-सेकंदाचा असतो, आणि हवा तेव्हा सापडतो. मग मी आईच्या गाडीचा त्या सकाळचा लॉग मागितला तेव्हा दोन मेल आणि तीन फोननंतर उत्तर आलं की असा डेटा ग्राहकाला देण्याची 'प्रोव्हिजन' नाही. आता बोला!

ऑफिसमधला मित्र म्हणतो, तू म्हणतोस तसं केलं तर अपडेट्स येणंच बंद होईल, कंपन्या घाबरून काही सुधारणारच नाहीत. असेल. प्रत्येक बदलाला परवानगी मागत बसलो तर बॅटरीला आग लागायचा धोका दूर करणारं अपडेटही अडकेल हे मलाही कळतं. तातडीचं असेल तर पाठवा की आधी. पण नंतर तरी सांगा काय पाठवलंत ते. मी घाबरून काम थांबवा म्हणत नाहीये, तारीख घालून सही करा म्हणतोय.

मी स्वतः काय केलं? फार काही नाही. ऑगस्टपासून रिलीज नोटमध्ये काय बिघडलं होतं ते लिहितो. क्लायंटने पहिल्यांदा दोन प्रश्न विचारले, नंतर विचारले नाहीत. त्या तीनशे क्लेमवाल्यांना कळवण्याबद्दल दोन वर्षं उशिरा मेल टाकला. अजून 'लीगलकडे' आहे.

आणि बाबांची जुनी डायरी आठवली. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक छोटी वही असायची. तारीख, किलोमीटर, प्लग बदलला, ब्रेक शू बदलले, कोणी बदलले. तशी एक वही मी आईच्या स्कूटरच्या डिकीत ठेवली आहे. प्रत्येक अपडेटची तारीख, व्हर्जन नंबर, आणि नंतर मागच्या रस्त्यावर दहा फेऱ्या. सोसायटीचा वॉचमन मला वेडा समजतो.

आईला सगळं समजावून सांगितलं होतं. डिबाउन्स, सेन्सर, तुझी चूक नव्हती, सगळं. तिने ऐकून घेतलं, म्हणाली, "बरं." किल्ली खणातच. मग दसऱ्याला गाडीला हार घालायचा म्हणून ती खाली आली, झेंडू लावले, डिकी उघडली, तिला वही दिसली. उभ्याउभ्या चार पानं वाचली. शेवटची ओळ माझ्या अक्षरात होती, 'दहापैकी शून्य'.

"हे ब्रेक दाबल्यामुळे नव्हतं होत?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. त्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन आली. अजून म्हात्रे पुलावरून जात नाही, पण कर्वेनगरातल्या कर्वेनगरात जाते.

कालचं अपडेट मी रात्री दोनला होऊ दिलं. दुसरं करणार काय. आज सकाळी दहा फेऱ्या मारून आलो, तर आई दारात चपला घालून उभी होती, हातात पिशवी. किल्ली मागितली आणि विचारलं, "आज कशी आहे?"